पिकार्डच्या जहाजावरचे काळे पुठ्ठे

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या कॅप्टन पिकार्डच्या अंतराळजहाजावरच्या अमेरिकन मालिकेचा सात सीझनचा ब्लू-रे संच घ्यावा का, असं ओळखीच्या दोघा-तिघांनी विचारलं. घ्या. पण चित्र स्वच्छ आहे म्हणून घेणार असाल तर आधी ऐकून ठेवा, ते इतकं स्वच्छ झालंय की सेटवरच्या माणसांनी जे जे झाकलं होतं तेही आता उघडं पडलंय. मला विचाराल तर माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मी मराठी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसणाऱ्या शॉटमध्ये, सासूबाईंनी कप कुठल्या हातात धरला होता, क्लोजला चहा किती उरला होता, सुनेचं मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर, हे सगळं माझ्या वहीत आणि मोबाइलच्या फोटोंत असतं. भिंतीवरच्या घड्याळातला सेल मी सेट लागल्या लागल्या काढायला लावते. त्यामुळे कुठलीही मालिका लावली तरी माझे डोळे नटाच्या चेहऱ्यावर कमी आणि त्याच्या मागे जास्त. घरचे वैतागतात, पण आता सवय झालीय त्यांना.

तर ही मालिका १९८७ ते १९९४ अशी चालली. शूटिंग ३५ मिमी फिल्मवर झालं, पण एडिट आणि स्पेशल इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर. म्हणजे प्रक्षेपणाची जी कॉपी तयार झाली तीच मुळात जुन्या टीव्हीच्या दर्जाची, तिला कितीही घासूनपुसून फरक पडला नसता. म्हणून २०१२ पासून ब्लू-रे काढताना हे लोक थेट मूळ निगेटिव्हकडे गेले, प्रत्येक भाग शॉट-शॉट जुळवून पुन्हा कापला आणि इफेक्ट्सचे वेगवेगळे थर नव्याने एकावर एक बसवले. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी हरवलेलं फुटेज शोधलंय त्यांना हे काय काम आहे ते कळेल. एखाद्या ठिकाणी निगेटिव्ह सापडलीच नाही. तिसऱ्या सीझनच्या ‘सिन्स ऑफ द फादर’मध्ये काही सेकंद टेपवरूनच मोठे करून घातलेत, आणि तेवढ्यापुरतं चित्र एकदम धूसर होतं. लपवलेलं नाही, हे मला आवडलं.

फ्रेमही जुनी, चौकोनीच ठेवलीय. त्यावर बऱ्याच जणांनी कुरकुर केली, आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात म्हणून. कुरकुर करणाऱ्यांनी एकदा सेटवर येऊन उभं राहावं. चौकोनाच्या बाहेर लाइट स्टँड असतात, संपलेली भिंत असते, चहाचा ग्लास घेऊन उभा असलेला कुणीतरी असतो. फ्रेम रुंद केली असती तर जहाजाचं अंतराळ तिथेच संपलं असतं.

आता पुठ्ठ्यांकडे येते. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे ते चालवायच्या खोलीत, मागच्या भिंतीला जे चकचकीत काळे पॅनेल आहेत, रंगीत पट्ट्या आणि आकडे असलेले, ते मायकेल ओकुडा यांचं डिझाइन. खरं तर पारदर्शक प्लॅस्टिक आणि मागून दिवे, बस. पण पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे सेटवरच्या लाइटचं प्रतिबिंब कॅमेऱ्यात येणारच. मग कुणीतरी काळा पुठ्ठा कापला आणि त्या जागी चिकटवून टाकला. तेव्हाच्या टीव्हीवर कुणाच्या बापाला कळलं नसतं, काळ्यावर काळं. ब्लू-रेवर पुठ्ठ्याची कड दिसते, त्याचा मळकट काळेपणा पॅनेलच्या काळेपणाहून वेगळा दिसतो. एके ठिकाणी तर मी थांबवून टीव्हीजवळ जाऊन पाहिलं. आमच्याकडे फोटोफ्रेमच्या काचेवर लाइट मारायला लागला की आर्टवाला पोरगा फ्रेमच्या मागे टेपचा बोळा घालून ती जरा तिरकी करतो, नाहीतर काचेवर चमक मारणारा डलिंग स्प्रे. तोच धंदा, फक्त हे चोविसाव्या शतकातलं जहाज! ओकुडांनी इंजिन रूममधल्या जहाजाच्या मोठ्या आडव्या छेदात गंमत म्हणून एक बदक काढून ठेवलंय, तेही आता शोधता येतं.

दुसरी आवडती जागा ‘सिम्बायोसिस’ (पुण्याचं नव्हे, पहिल्या सीझनमधला भाग). टाशा यार ही सुरक्षा अधिकारी करणारी डेनिस क्रॉस्बी मालिका सोडून चालली होती. तिचं पात्र मरतं तो ‘स्किन ऑफ इव्हिल’ आधी शूट झाला आणि ‘सिम्बायोसिस’ नंतर. टीव्हीवर मात्र क्रम उलटा, एप्रिल १९८८ मध्ये लागोपाठच्या आठवड्यांत. म्हणजे पडद्यावर टाशा अजून जिवंत आहे आणि सेटवर तिचा शेवटचा दिवस. पिकार्ड आणि डॉक्टर क्रशर कार्गो बेमधून, म्हणजे जहाजाच्या माल ठेवायच्या खोलीतून, बाहेर येतात, कॅमेरा त्यांच्यावर, मागे दार मिटायला लागतं, आणि त्या मिटत्या दाराच्या फटीतून टाशा चक्क हात हलवून टाटा करते. जहाजावरच्या कुणालाही नाही, सरळ आपल्याला. कंटिन्युइटीवाली म्हणून मी हा टेक कधीच जाऊ दिला नसता. प्रेक्षक म्हणून मात्र तो ठेवणाऱ्याचे आभार मानते.

सेटवर हाताने होणाऱ्या अशा चुका मला चालतात. बहुतेक वर्षी सव्वीसेक भाग, एका भागाला साधारण सात-आठ दिवस. आमच्या डेली सोपला रोज एक भाग द्यावा लागतो, त्यामुळे सात-आठ दिवस म्हणजे मला चैनच वाटते. पण त्यात परग्रहवासी झालेल्या नटांना रबरी कपाळं चिकटवायची, शिवाय मॉडेलच्या शॉटची वेगळी उठाठेव. तिसऱ्या सीझनला मुख्य नटांचे अंगाला चिकटलेले युनिफॉर्म जाऊन कॉलरचे दोन भागांचे आले, तर मागून जाणारे ज्युनिअर आर्टिस्ट पुढेही जुनेच घालून फिरतायत. बजेट! ते मी बघताक्षणी ओळखलं. जहाजाचं मॉडेलसुद्धा वेगवेगळ्या मापांचं, सुरुवातीला मुख्यतः सहा फुटी आणि पुढे चार फुटी. लहानाच्या अंगावरच्या खाचा जास्त खोल. एकाच भागात दोन्ही आले की जहाजाची कातडी बदलल्यासारखी दिसते.

चिडचिड होते ती लेखनाच्या टेबलावर झालेल्या चुकांची. तिथे लाइट जात नाही की पाऊस पडत नाही. पहिल्या भागात डेटा हा यंत्रमानव स्वतःला अकादमीच्या ‘७८ च्या बॅचचा सांगतो, आणि त्याच सीझनच्या शेवटी साल २३६४ असल्याचं तोच सांगतो. त्याची जी बाकीची हकीकत येते तीत ते ७८ कुठेच बसत नाही. हे एक वेळ सोडून द्या, मालिका नवी होती. ‘डेटालोर’चं काय करायचं? त्या भागात डेटाचा दुष्ट जुळा भाऊ लोर येतो, दोन्ही भूमिका ब्रेंट स्पायनरच्या. दोघांना ओळखायची खूण अशी की डेटाला इंग्रजी बोलताना शब्द जोडून आखडते घेता येत नाहीत, तो सगळं सुटं, पूर्ण बोलतो. अख्खा भाग या खुणेवर उभा. शेवटी लोरला हाकलून दिल्यावर पिकार्ड डेटाला विचारतो, ठीक आहेस ना? आणि डेटा म्हणतो, “आय’म फाइन.” आखडता शब्द! स्क्रिप्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाच्या कानाला हे खटकायला नको? चाहत्यांनी मग, जहाजावर राहिला तो लोरच, अशी कथा रचली. चांगली आहे, पण ती चाहत्यांची.

मांजराचा किस्सा त्याहून वरचढ. डेटाच्या मांजराचं नाव स्पॉट. चौथ्या सीझनमध्ये पहिल्यांदा येतो तेव्हा लांब केसांचा सोमाली बोका. पुढे तो साधा नारिंगी पट्ट्यांचा होतो. सातव्या सीझनच्या ‘फँटाझम्स’मध्ये डेटा जहाजावरच्या वॉर्फ या सहकाऱ्याला त्याची काळजी कशी घ्यायची ते अगदी गंभीरपणे समजावतो, त्याला खायला घाल, तू छान आहेस असं सांग वगैरे. बोकाच. त्याच सीझनच्या ‘जेनेसिस’मध्ये स्पॉटला पिल्लं होतात. मांजराला संवाद नाहीत हे मान्य, पण लेखकांच्या खोलीत एक यादी तरी भिंतीवर लावता आली असती की. जहाजावरच्या ओब्रायनचंही तसंच, कॉलरवर लेफ्टनंटच्या टिकल्या, संवादातही लेफ्टनंट, आणि पुढे कळतं की तो अधिकारी नव्हेच, त्याखालच्या हुद्द्याचा चीफ आहे.

‘रेलिक्स’ या भागातला स्कॉटी, म्हणजे आधीच्या ‘स्टार ट्रेक’मधला इंजिनिअर, मात्र मी सोडून देते. तो म्हणतो, मला शोधायला जिम कर्कच (त्याचा जुना कॅप्टन) आला असणार. दोन वर्षांनी ‘जनरेशन्स’ सिनेमात याच स्कॉटीच्या डोळ्यांदेखत कर्क गेल्याचं दाखवलं, आणि सिनेमाच्या लेखकांपैकी रोनाल्ड मूर यांनीच तो भागही लिहिला होता. पण स्कॉटी करणाऱ्या जेम्स डूहानचा आवाज ऐकताना हिशेब करावासा वाटत नाही.

संचाबद्दल राहिलेलं थोडक्यात. एक्स्ट्राजमध्ये फसलेल्या टेकच्या रीळी आहेत, त्या आधी बघितल्या तरी चालेल. ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागाची लांब आवृत्ती दुसऱ्या सीझनच्या संचात आहे. दुसऱ्या सीझनचं काम मात्र पहिल्याइतकं नीट उतरलेलं नाही, रंग बदलत राहतात आणि कडा कुरकुरीत लागतात, ते मला डोळ्यांना टोचलं. सगळा संच परवडत नसेल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. आणि पहिल्या सीझनची प्रत सेकंडहँड मिळत असेल तर सुरुवातीच्या छपाईत आवाजाचे चॅनेल उलटसुलट गेले होते आणि कंपनीने नंतर डिस्क बदलून दिल्या होत्या, तेव्हा पहिली, तिसरी आणि चौथी डिस्क बदललेली आहे ना, एवढं विचारून घ्या.