गोठ्यातील कामासाठी भाड्याने घेतलेला छोटा लोडर

आमच्या जुन्या गोठ्याचे दार सात फूट रुंद आणि छप्पर जेमतेम आठ फूट उंच असल्यामुळे जेसीबी आत नेण्याचा प्रश्नच नव्हता. साचलेले शेणखत बाहेर काढून खचलेल्या जमिनीवर मुरूम भरायचा होता, म्हणून मी ऑपरेटरसह स्किड स्टिअर लोडर, म्हणजे पुढे माल भरायची बकेट असलेले आणि चाके न वळवता घसरत वळणारे छोटे यंत्र, तीन दिवसांसाठी भाड्याने घेतला. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे या यंत्राला सगळे बॉबकॅटच म्हणतात. त्याचा मूळ अवतार 1957 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी टर्कीपालनाच्या शेडमधील घाण काढण्यासाठीच तयार केला होता, त्यामुळे गोठा हे त्याचे माहेरच म्हणावे लागेल.

पहिल्या दिवशी आलेला मुलगा वेगात ढिगावर धडकायचा आणि आत शिरल्यावर बकेट भरण्यासाठी यंत्र डावी-उजवीकडे वळवायचा. त्यामुळे बकेट निम्मीच भरे, चाके जागच्या जागी फिरत आणि ढिगाच्या तोंडाशी वीतभर खोल चर पडत. दुसऱ्या दिवशी वयाने मोठे असलेले एक ऑपरेटर आले आणि त्याच यंत्राचे काम पाहण्यासारखे झाले. बकेटचा तळ जमिनीला टेकवून ते सरळ रेषेत, सावकाश ढिगात शिरत, पुढचा रेटा जड होऊ लागला की बकेट हळूहळू मागे वळवत किंचित उचलत आणि बाहेर पडण्यापूर्वी एक हलकासा झटका देऊन काठावरचा सैल माल ढिगातच पाडून टाकत. दारापर्यंतच्या वाटेवर मग मूठभरही मुरूम सांडत नसे.

बकेट साधारण 14 घनफुटांची होती, म्हणजे एका ब्रासला (100 घनफूट) साधारण सात खेपा. सुक्या मुरुमाला हा हिशेब चालतो. पण ओला मुरूम शिगोशीग भरला की यंत्राच्या पाटीवर लिहिलेली 700 किलोंची मर्यादा सहज ओलांडली जाते. चाकांच्या लोडरवर ही मर्यादा तो पुढे कलंडेल त्या वजनाच्या निम्मी धरलेली असते, तरी बकेट उंच धरून उतारावर ब्रेक मारला तर ती निम्मी सवलत पुरत नाही. पहिल्या दिवशी नेमके असेच होऊन मागची चाके क्षणभर अधांतरी झाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या ऑपरेटरांनी बकेट सदैव गुडघ्याच्या खाली ठेवली. भरलेले यंत्र तोंड पुढे करून चढ चढले आणि उतरताना ते मागे-मागे आले, कारण जड बाजू नेहमी चढाच्या वरच्या अंगाला हवी. रिकामे असताना वजन मागच्या बाजूला असते, त्यामुळे तेव्हा सारे उलट.

यंत्राबद्दल एकच तक्रार आहे, आणि ती त्याच्या रचनेतच आहे. चाके न वळवता घसरत वळण्याच्या पद्धतीमुळे नुकताच दाबलेला मुरूम प्रत्येक वळणावर उखडला, आणि अखेरीस तो घमेल्या-फावड्याने पुन्हा सारखा करावा लागला. मालकाने यार्डातून निघाल्यापासूनचे तास बिलात धरले, हे आधी सांगितले नव्हते. तरीही पंधरा दिवसांचे मजुरांचे काम तीन दिवसांत उरकले. पुढच्या उन्हाळ्यात यंत्र पुन्हा बोलावणार आहे. फक्त दिवस ठरवण्याआधी दुसऱ्या दिवशी आलेले ऑपरेटर मोकळे आहेत का, एवढे विचारून घेईन.