घरपोच सॅलडचा डबा: पानं एक नंबर, पण चिठ्ठीवरची ती ओळ काढा

दोन महिने झाले, कोथरूडला आमच्याकडे दर शनिवारी सकाळी सॅलडचा डबा येतो, अडीचशे ग्रॅम, 180 रुपये. अरुगुला, लाल लेट्यूस, आइसबर्ग, कोवळा पालक. पानं खरंच ताजी असतात, बुधवारपर्यंत फ्रिजमध्ये टवटवीत राहतात, मंडईत एवढी कोवळी पानं मला कधी मिळाली नाहीत.

सगळ्यात भारी अरुगुला. चावला की आधी काहीच नाही आणि मग एकदम झणका. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जातो ना, तोच प्रकार, कारण अरुगुला मोहरीच्याच कुळातला. पानात ग्लुकोसिनोलेट हे द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळं ठेवलेलं असतं, पान चिरलं किंवा चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट तयार होतं, तिखटपणा त्याचा आणि जंतूंना रोखायचा गुणही त्याचाच. उष्णतेने ते एन्झाइम मरतं, म्हणूनच फोडणीतली मोहरी झोंबत नाही. त्यामुळे अरुगुला परतू नका प्लीज, कच्चाच खा आणि नीट चावून खा.

लाल लेट्यूसचा रंग अँथोसायनिनचा, ते अँटिऑक्सिडंट. ऊन, विशेषतः त्यातली अतिनील किरणं मिळाली की तो जास्त तयार होतो, पॉलीहाउसच्या कागदाने ती अडली की पान फिकं राहतं. मधले दोन आठवडे पानं अगदी फिकी आली होती, तेव्हा मी डबा आणून देणाऱ्या दादांना विचारलं, त्यांनी पुढच्या वेळी उघड्या वाफ्यातली आणून दिली, फरक लगेच दिसला. आइसबर्गमध्ये मात्र कुरकुरीतपणा सोडला तर फारसं काही नाही, आतली पानं पांढरट, त्यांना ऊनच लागत नाही.

आता तक्रार. डब्यात एक चिठ्ठी असते, त्यावर लिहिलंय, "नैसर्गिक अँटिबॅक्टेरियल पानं, धुवायची गरज नाही." हे चुकीचं आहे आणि मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते म्हणून मला गप्प बसवत नाही. प्रयोगशाळेत आपण पानांचा अर्क काढतो, आटवतो, मग तो पेट्री डिशमध्ये टाकला की जंतू वाढत नाहीत, ते खरंच आहे. 2002 साली ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनने (तेही एक आयसोथायोसायनेटच) पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत मारून दाखवला होता. पण तो वेगळा काढलेला पदार्थ होता. अख्ख्या पानात ही द्रव्यं पेशींच्या आत असतात आणि शेणखताची, पाण्याची, हाताची घाण बाहेर पानावर बसते, ती तिथेच राहते. 2006 मध्ये अमेरिकेत पाकीटबंद कोवळ्या पालकातल्या ई. कोलाय जंतूमुळे सुमारे 200 लोक आजारी पडले, काही दगावलेसुद्धा, आणि पालकात अँटिऑक्सिडंट काय कमी असतात का!

मी दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, धुतलेलंच असतं, डायरेक्ट खा." असेल, पण घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुवा, चाळणीत निथळा, पंचावर कोरडं करा. धुऊन सगळेच जंतू जातात असं नाही, पण बरेच कमी होतात. आणि घरी कुणाला रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या आड येतं.

आम्ही वर लिंबू पिळतो आणि शेंगदाण्याच्या तेलाची हिंगाची फोडणी गार करून घालतो, सासूबाई कोशिंबिरीला घालतात तशीच. तेल हवंच, पालकातलं ल्युटीन आणि बीटा-कॅरोटीन तेलाशिवाय अंगाला नीट लागत नाही.

पाचपैकी चार स्टार, एक त्या चिठ्ठीचा कापलाय. पुढच्या शनिवारपासून आइसबर्ग बंद, त्याजागी दुप्पट अरुगुला आणि थोडी अळिवाची कोवळी पानं मिळाली तर बघा असं सांगून ठेवलंय.