पिसोरीचे जलरंगातील चित्र : आठ महिन्यांनंतर

एका प्रदर्शनातून घेतलेले पिसोरीचे, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या एका चिमुकल्या रानजनावराचे, हे चित्र भिंतीवर लावून आता आठ महिने होत आले. कागद १५ बाय २२ इंचांचा आहे. त्यातील निम्म्याहून अधिक जागा पाचोळ्याने व्यापली असून पिसोरी डाव्या कोपऱ्यात, आडव्या पडलेल्या खोडाआड अर्धी दडलेली आहे. घरी येणाऱ्यांना ती बहुधा दाखवावीच लागते, आणि माझ्या मते चित्रकाराने इथेच खरी बाजी मारली आहे. जेमतेम तीन किलो वजनाचे, रात्री वावरणारे आणि दिवसा खडकांच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत बसून राहणारे हे जनावर चित्रात ऐटीत उभे केले असते, तर ते खोटेच वाटले असते.

अनेक चित्रांत पिसोरी म्हणजे चितळाचे पाडस काढलेले असते. इथे मात्र पुढच्या भागापेक्षा उंच असलेला मागचा भाग, त्यामुळे पाठीला आलेला बाक आणि पेन्सिलीएवढे बारीक पाय नेमके उतरले आहेत. डोक्यावर शिंगे नाहीत, कारण पिसोरीच्या नरालाही ती नसतात. त्याऐवजी वरच्या ओठाखालून किंचित डोकावणारा सुळा दाखवला आहे, जो मला तिसऱ्या महिन्यात दिसला. गळ्यावरचे पांढरे पट्टे म्हणजे रंग न लावता राखलेला कागद आहे, तर कुशीवरचे ठिपके जाड पांढऱ्या रंगाचे असल्यामुळे बोटाला नाही तरी नजरेला खरबरीत लागतात.

एक खोट मात्र डोळ्यांत सलते. पाचोळा चैत्र-वैशाखातला, कुरकुरीत आहे, आणि त्याला लागूनच्या दगडावर शेवाळ मात्र भर श्रावणातले. सह्याद्रीत राहिलेल्या माणसाला हे खटकणारच.

दुसरी तक्रार चित्राची नाही, चौकटीची आहे. ज्यांच्याकडे फ्रेम करायला दिली, त्यांनी माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात अंतर राखणारी पुठ्ठ्याची पट्टी, न घालता काच थेट कागदावर टेकवली. जुलैत काचेच्या आत दमट डाग धरू लागला, तेव्हा सगळे उघडून, कागद वाळवून, मध्ये जाड माउंट घालून चौकट नव्याने करावी लागली. जलरंगातील चित्र घेणाऱ्यांनी हा खर्च आधीच हिशेबात धरावा. बाहेरची ओल धरणारी भिंत सोडून चित्र आता आतल्या भिंतीवर आहे. तिथे संध्याकाळचे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे येते आणि पाचेक मिनिटे फक्त कुशीवरचे ते ठिपकेच उजळतात.