‘हाल्का’ की ‘मानरू’: पहिला पोलिश ऑपेरा निवडताना

पोलिश ऑपेराची ओळख करून घ्यायची आहे आणि दोन वेगळ्या जगांतल्या माणसांचे प्रेम हाच विषय हवा आहे, तर स्टानिस्वाव मोन्युश्को यांचा ‘हाल्का’ आणि इग्नात्सी यान पादेरेव्स्की यांचा ‘मानरू’ या दोहोंचा विचार आधी करावा लागतो. दोन्ही कथांना दक्षिण पोलंडमधल्या टाट्रा पर्वताची पार्श्वभूमी आहे आणि दोन्हींत नायिका शेवटी पाण्यात जीव देते. तरी त्यांतल्या प्रेमिकांमधली दरी एकाच प्रकारची नाही.

‘हाल्का’मध्ये ती दरी वर्गाची आहे. जमीनदार यानुश हाल्का या पहाडी मुलीला फसवून उमराव घराण्यातल्या झोफियाशी लग्न ठरवतो. दरी ओलांडण्याचा प्रयत्न तो करतच नाही, त्यामुळे सगळे दुःख हाल्काच्या आणि तिच्यावर मूकपणे प्रेम करणाऱ्या योंतेकच्या वाट्याला येते. 1848 मध्ये विल्नियसला दोन अंकांत सादर झालेली ही कृती 1858 मध्ये वॉर्सात चार अंकी होऊन रंगमंचावर आली आणि पोलंडचा राष्ट्रीय ऑपेरा मानली गेली. उमरावांचा माझुर्का हा पोलिश नाच आणि पहाडी लोकांचे नृत्य यांतून दोन्ही समाज थेट कानांवर येतात. शिवाय योंतेकचे चौथ्या अंकातले गीत नाट्यपदासारखे स्वतंत्रपणेही ऐकता येते, ही नव्या श्रोत्यासाठी मोठीच सोय आहे.

‘मानरू’ (ड्रेस्डेन, 1901) अधिक अवघड आहे आणि माझ्या मते या विषयाला अधिक प्रामाणिकही आहे. इथे दोघांनीही दरी खरोखर ओलांडलेली आहे. गावकन्या उलानाने भटक्या रोमा (जिप्सी) समाजातल्या मानरूशी लग्न केले म्हणून आईने आणि गावाने तिला दूर लोटले आहे, तर मानरू भटके जीवन सोडून एका जागी राहण्याची धडपड करतो आहे. दुसऱ्या अंकात बाळाच्या पाळण्याजवळ हा संसार उभा असतानाच दुरून रोमा व्हायोलिनचे सूर येतात आणि मानरूच्या मनातली ओढ शब्दांच्याही आधी वाद्यवृंद सांगून जातो. जर्मन संगीतकार वाग्नरच्या वळणाचे सलग संगीत असल्याने सुटी गाणी शोधणाऱ्याची निराशा होईल, आणि उलानावर प्रेम करणारा उरोक व त्याचे वशीकरणाचे औषध हा भाग मला ओढूनताणून आणलेला वाटतो.

काशीत घडणाऱ्या, ब्राह्मण पुरोहिताची कन्या आणि अस्पृश्य तरुण यांच्या प्रेमावरील मोन्युश्कोंच्याच ‘पारिया’कडे (1869) मराठी वाचक साहजिकच आधी वळेल. जातीचा प्रश्न त्यात गांभीर्याने मांडला आहे. परंतु कथा कासिमिर देलाव्हीन्य यांच्या फ्रेंच नाटकातून आलेली आणि संगीत पूर्णतः युरोपीय असल्यामुळे काशी तिथे ऐकू येत नाही. सुरुवात त्यापासून करू नये.

ऑपेरा ऐकण्याची मुळीच सवय नसेल तर ‘हाल्का’ घ्यावा. वाग्नर किंवा त्याच्या परंपरेतले काही ऐकलेले असेल तर ‘मानरू’च घ्यावा, आणि पूर्ण ऐकण्याइतका वेळ नसेल तर त्याचा दुसरा अंक अनुवादित संहिता समोर ठेवून ऐकावा.