रॉयल कॅनिन गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट: पाकीट नीट वाचून घ्या

चतुर्थीतल्या तळलेल्या नेवऱ्या, चोरीस-पावाचे (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) तुपकट तुकडे कुत्र्याच्या पोटात गेले की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अशा वेळी प्राण्यांचे डॉक्टर रॉयल कॅनिन कंपनीचं कुत्र्यांसाठीचं हे कमी चरबीचं दाण्यांचं खाणं सुचवतात. यातली चरबी 7 टक्क्यांच्या आसपास आहे. याच नावाच्या साध्या पाकिटात ती जवळपास तिप्पट असते. दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात आणि घोळ इथेच होतो. ‘लो फॅट’ ही अक्षरं पाहिल्याशिवाय पैसे देऊच नका.

दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. बोटाने दाबल्यावर आत कोरडी कणी लागता कामा नये. दिवसाचा वाटा चार-पाच वेळा थोडा थोडा द्या. जुन्या खाण्यावर परतताना सात दिवस घ्या, घाई केली की जुलाब पुन्हा सुरू होतात.

सुटं विकत घेऊ नका. गोव्याच्या पावसाळ्यात दाणे सादळतात, बुरशी धरते. मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

महाग आहे, पण गुण चांगला. मात्र हे औषध नव्हे! शीतून रक्त पडलं, पाणीही उलटून पडलं किंवा पिल्लू मलूल झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.