बदलापुरात चौदा महिने: डोंगर दिसणारं स्वस्त घर शोधताना काय तपासावं

मुंबई-ठाण्यातलं भाडं परवडत नाही, मुलांना मोकळी हवा हवी आणि खिडकीतून डोंगर दिसला तर उत्तमच, असा विचार करणारी बरीच कुटुंबं शेवटी कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर घर शोधायला लागतात. त्यात बदलापूरचं नाव पहिलं निघतं. इथे एक अख्खा पावसाळा, हिवाळा, उन्हाळा आणि पुन्हा जून-जुलै, असे चौदा महिने राहून झाल्यावर हा अनुभव लिहिला आहे. मत आधीच सांगतो: बदलापूर राहायला चांगलं आहे आणि पैशाच्या मानाने फारच चांगलं आहे. पण इथे दृश्य आणि पाणी एकाच दिशेने येतं. ती दिशा ओळखून घर घेतलं तर सुख, नाही तर दर पावसाळ्यात भिंतींचे पोपडे.

सुरुवात दिशांपासून करतो, कारण नवा माणूस इथेच फसतो. स्टेशनच्या पाटीवर ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ लिहिलंय, पण ते होकायंत्राप्रमाणे नाही. कल्याणनंतर कर्जतकडे जाणारा रूळ आग्नेयेला वळतो. त्यामुळे बदलापूर ‘पूर्व’ म्हणजे कात्रप, शिरगाव, खरवई हा भाग प्रत्यक्षात रुळाच्या नैर्ऋत्येला आहे. ‘पश्चिम’ म्हणजे मांजर्ली, बेलवली, हेंद्रेपाडा, वालिवली हा भाग ईशान्येला, उल्हास नदीच्या अंगाला आहे. मलंगगडापासून ताहुली, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंड, पेब करत माथेरानपर्यंत जाणारी रांग पूर्वेच्या बाजूने दिसते. नदीचा काठ आणि हिरवा पट्टा पश्चिमेकडे. इथून पुढे बदलापूरची पूर्व-पश्चिम म्हणजे पाटीवरचीच धरा. ‘ईस्टचा फ्लॅट आहे, सकाळचं ऊन येईल’ असं एजंट म्हणाला तर त्यावर विसंबू नका. खिडकीत उभं राहून मोबाईलचं होकायंत्र उघडा आणि अंश लिहून ठेवा.

आकडा १६० ते १९० असेल तर खिडकी दक्षिणेची. चंदेरी-माथेरानची बाजू दिसण्याची शक्यता चांगली. या अक्षांशावर मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि महिन्याच्या मध्यानंतर किंचित उत्तरेला सरकतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं थेट ऊन फारसं पडत नाही. हिवाळ्यात मात्र कोवळं ऊन दिवसभर आत येतं. आमच्या मते बदलापुरातली सगळ्यात चांगली खिडकी हीच. आकडा २२० ते २७० असेल तर मलंगगड दिसेल, सूर्यास्तही अप्रतिम दिसेल, पण मार्च ते मे दुपारी तीननंतर ती भिंत तापते आणि रात्री अकरापर्यंत घरात उष्मा सोडत राहते. इथला पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो हे धरूनच चाला. शिवाय जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस याच भिंतीवर आडवा येतो. डोंगराकडे तोंड करून बसलेल्या घराला पावसाच्या तोंडीही बसावं लागतं.

त्यामुळे डोंगराच्या बाजूचं घर बघताना आधी खिडकीच्या खालची भिंत बघा, डोंगर नंतर. कोपऱ्यात रंगाचे फुगे, बोटाने घासल्यावर पांढरी पूड, म्हणजे क्षार बाहेर आलेला, किंवा एवढ्याच पट्ट्यावर नवा रंग, यातलं काहीही दिसलं तर तिथून पाणी येतं. कारणं बहुतेक वेळा तीनच. पहिलं, सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती सिमेंटने किंवा मातीने बुजलेली असतात. पट्टी भरते आणि पाणी आत सांडतं. घर बघायला जाताना अर्धा लिटर पाणी बरोबर न्या, पट्टीत ओता आणि ते बाहेर पडतं की आत येतं ते पाहा. दुसरं, खिडकीखाली बाहेर बसवलेल्या कडप्प्याच्या फरशीचा उतार आतल्या बाजूला असतो. तिसरं, छज्जाच नसतो, किंवा वीतभर असतो. नैर्ऋत्येच्या खिडकीला दीड ते दोन फूट छज्जा हवा. नसेल तर पत्र्याची शेड लावायची परवानगी सोसायटी देते का, हे टोकन देण्याआधी विचारा. भोकं मोकळी करणं आणि चौकटीभोवती सिलिकॉन भरणं हे भाडेकरूलाही एका दुपारात जमतं. बाहेरच्या प्लॅस्टरला पडलेल्या भेगा मात्र घरमालकाच्या किंवा सोसायटीच्या खर्चाचं काम आहे, आणि ते मे महिन्यातच व्हायला हवं. जुलैत ओल्या भिंतीवर केलेलं वॉटरप्रूफिंग टिकत नाही.

सगळ्यात वरचा मजला टाळा. स्लॅब तापतो आणि गळतोही. गच्चीवर पत्र्याचं छप्पर असेल तर गोष्ट वेगळी, पण पावसाच्या आवाजाची तयारी ठेवा. वरून दुसरा मजला आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटतो.

आता नदी. बदलापूर पश्चिमेला २००५, २०१९ आणि २०२१ साली उल्हासचं पाणी वस्तीत शिरलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते याच नदीचं पाणी. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरतात. पावसाळ्यात पश्चिमेला राहणाऱ्याला हे दोन आकडे पाठ असायला हवेत. बरेच जण पुराचं खापर बारवी धरणावर फोडतात, पण बारवी नदी उल्हासला शहराच्या खालच्या अंगाला मिळते. शहरात शिरतं ते राजमाची-कर्जत-नेरळ-माथेरानकडून आलेलं पाणी. म्हणून बदलापुरात रिमझिम असली तरी कर्जत-माथेरानला रात्रभर कोसळत असेल तर सकाळी गाडी तळमजल्यावर ठेवू नका.

पश्चिम वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पश्चिमेलाही उंचावरचा मोठा भाग कोरडा राहतो. पण ‘रिव्हर व्ह्यू’ असं लिहिलेलं असेल तिथे पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, निळी ते लाल यांच्यामधलं नियंत्रित. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगून चौकशी करता येते. कागदाशिवाय कळायची एक सोपी खूणही आहे: इमारतीचे वीज मीटर किती उंचीवर आहेत ते बघा. जिथे पाणी येऊन गेलंय तिथे लोकांनी मीटरचा बोर्ड छातीच्या किंवा डोक्याच्या वर हलवलेला असतो. पार्किंगच्या खांबांवर गढूळ पाण्याची रेघही बऱ्याचदा राहते. आणि समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘एकवीसला पाणी कुठपर्यंत होतं?’ तो पायरीवर बोट ठेवून दाखवतो.

दृश्याबद्दल अजून एक. ते टिकणार आहे का, हे कुणी विचारत नाही. समोर मोकळी जागा दिसते, तिच्या पलीकडे चंदेरीचा सुळका, आणि माणूस सही करतो. तीन वर्षांत त्या जागेवर सात मजली इमारत उभी राहते. विकास आराखड्यात समोरचा सर्व्हे नंबर कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा. नगरपरिषदेकडून झोन दाखला मिळतो. रहिवासी झोन असेल तर आज ना उद्या तिथे बांधकाम होणार, म्हणून दृश्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. हरित पट्टा, वनजमीन किंवा ओढ्याचं पात्र असेल तर दृश्याला थोडी शाश्वती आहे. भाड्याने राहणाऱ्याला एवढी चिंता नाही. विकत घेणाऱ्याने मात्र हे केलंच पाहिजे, आणि त्याबरोबर महारेरावरची नोंद व भोगवटा प्रमाणपत्रही.

सुरक्षिततेत आम्ही चोरी-मारीपेक्षा तीन गोष्टी वर धरतो. एक, हवा. पूर्वेला माणकिवली-खरवई आणि शिरगावकडे औद्योगिक वसाहत आहे. जून २०२१ मध्ये शिरगाव-आपटेवाडी भागात वायुगळती होऊन रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला होता. एरवीही हिवाळ्यात वारा पडलेला असला की उग्र वास जमिनीलगत साचून राहतो. दुपारी घर बघायला गेलात तर तो कळणार नाही. रात्री अकराला आणि पहाटे पाचला त्या रस्त्यावर उभं राहून बघा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे अजिबात टाळू नका. दोन, शाळा. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले आणि अख्खं शहर रस्त्यावर, रुळावर उतरलं. प्रवेश घेताना पालक म्हणून स्पष्ट विचारा: सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती, आहे का, तिच्यात कोण आहे, लहान मुलांना शौचालयात कोण नेतं, सफाई कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का. चांगली शाळा या प्रश्नांना कपाळाला आठ्या न घालता उत्तरं देते. तीन, साप. शेताला किंवा ओढ्याला लागून घर असेल तर पावसाळ्यात घोणस, मण्यार, नाग दिसणारच. तळमजल्यावर न्हाणीघराच्या मोरीला घट्ट जाळी बसवा, दाराखालची फट बंद करा, रात्री चप्पल झटकून घाला, आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा. चावा झालाच तर बांधाबांध न करता सरळ रुग्णालय गाठायचं. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय हे जवळचं मोठं सरकारी ठिकाण.

पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा, उल्हासवरच्या बॅरेजमधून, म्हणजे बंधाऱ्यातून. नदी भरून वाहत असतानाही गढूळपणामुळे किंवा वीज गेल्यामुळे नळ कोरडे राहतात, हे नव्या माणसाला नवल वाटतं. सोसायटीची टाकी मोजून घ्या. २८ घरं, घरी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला सुमारे १५ हजार लिटर लागतात. म्हणजे जमिनीखालची टाकी निदान ३० हजार लिटरची हवी, तरच एक दिवसाचा खंड जाणवत नाही. एप्रिल-मेची टँकरची बिलं सचिवांकडे मागा. देखभाल शुल्क कमी दिसत असेल तर टँकरचा खर्च वेगळा वसूल होत असतो.

लोकलबद्दल थोडक्यात. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. जलद गाडीने दीड तासाच्या आसपास, धीम्याने त्याहून बराच जास्त. सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी धरली तर बसायला मिळण्याची आशा. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी भरूनच येते. कल्याणनंतर गाड्या विरळ होतात, एक चुकली की पुढचा सगळा दिवस घसरतो. म्हणून घर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत असणं हे खिडकीतल्या डोंगराहून मोलाचं, निदान रोज मुंबई गाठणाऱ्यासाठी. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, कांजूरमार्गची मेट्रो, बडोदा महामार्ग यांची नावं जाहिरातीत येतात. जे आज चालू नाही त्याचे पैसे आज मोजू नका.

खर्चाचं म्हणाल तर साधं वन बीएचके सात ते दहा हजार भाड्यात मिळतं, स्टेशनलगत थोडं जास्त. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि ती फार महाग नाही. ९ हजार भाडं, ५० हजार अनामत, ११ महिने: भाड्याचे ९९ हजार आणि अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले सुमारे ४,६०० मिळून होतात त्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये मुद्रांक शुल्क. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. हे घरमालकाने टाळलं तर दुसरं घर बघा. करारात ‘पावसाळ्यातील गळतीची दुरुस्ती मालकाकडे’ ही एक ओळ घालून घ्या.

वांगणी-शेलू अजून स्वस्त आहे आणि डोंगर जवळ आहेत, पण बदलापूर लोकलचा आधार तिथे संपतो. नेरळ रमणीय आहे, रोजच्या मुंबईसाठी फार लांब. अंबरनाथला गाड्या जास्त मिळतात, भाडंही थोडं चढं.

विकतच घ्यायचं ठरवून आला असाल तरी पहिला अकरा महिन्यांचा करार मेच्या शेवटी सुरू करा आणि घ्यायच्या इमारतीच्या जवळपासच भाड्याने राहा. जुलैत त्या इमारतीची नैर्ऋत्येची भिंत बाहेरून बघता येते, डिसेंबरच्या पहाटे वास कळतो, मार्च-एप्रिलमध्ये दारात किती टँकर उभे राहतात ते मोजता येतं. करार संपेपर्यंत ही तिन्ही उत्तरं हातात आलेली असतात.