लक्ष्मीपुरीतले बिनपाटीचे रेकॉर्डवाले काका

सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर वीस वर्षं माळ्यावर पडून होता. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांमागच्या बोळात एक काका असली यंत्रं दुरुस्त करतात असं कळलं, म्हणून पोत्यात गुंडाळून स्कूटरवरून नेला. दुकानाला पाटी नाही. चहाच्या गाड्यावर विचारायचं.

नवा बेल्ट, नवी सुई, तेलपाणी धरून साडेअकराशे झाले. काम पक्कं, लय आता जराही हलत नाही. (मी तबल्याचे क्लास घेतो, अर्धी मात्रा घसरली तरी माझे दात दुखतात.) पण त्यासाठी ‘परवा या’ चारदा ऐकलं. दुपारी एक ते चार बंद, आणि पैसे रोखच.

मशीन तपासायला काकांनी डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन जाझ पियानोवाल्याची ‘जाझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ लावली. 1958 ची. म्हटलं, काका, जाझमधलं मला काही कळत नाही.

“बसा की. ह्यो गडी आपल्या मुंबईत वाजवून गेलाय. अमेरिकेच्या सरकारनं धाडलेला. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं, ह्यांनी आपले वादक भाईर पाठवले.”

शीतयुद्धात रशियावर मात करायला हे दौरे 1956 मध्ये ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीपासून सुरू झाले. ब्रुबेकचा तर पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका करत पार इराकपर्यंत गेला. फार गोड चित्र नको, हेही काकांनीच सांगितलं, सुई पुसता पुसता. 1957 मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात काळ्या मुलांना शाळेत जाऊ देईनात, तेव्हा जाझचा बडा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँगनं रशियाचा सरकारी दौरा साफ नाकारला.

मग ‘कलकत्ता ब्लूज’ लागलं. ब्रुबेकचा ड्रमवाला जो मोरेलो काड्या बाजूला ठेवून ड्रम हातानं वाजवतो. माझे कान टवकारले. तबल्याच्या काठावरची चाट नाही, डग्ग्याचा घुमारा नाही; क्लासमधला पोरगा असता तर परत ‘धा’पासून बसवला असता. पण हा माणूस आपल्या तबल्यासमोर नीट बसून ऐकून गेलाय, यावर पैज लावतो. पुढं काकांनी ब्रुबेकचंच ‘ब्लू रोंडो’ लावलं. इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून उचललेली नऊची चाल, दोन-दोन-दोन-तीन. काका काउंटरवर स्क्रूड्रायव्हरनं मोजत होते, मी मांडीवर. शेवटच्या तिनाला मी चुकलो, काका नाहीत.

‘युरेशिया’ नऊशेला घेतली. घासाघीस चालत नाही. घरी ‘कलकत्ता ब्लूज’ ऐन रंगात आलं आणि सुई एकाच खाचेत अडकली. दुकानात अडकली नव्हती, कारण काकांनी आर्मवर रुपयाचं नाणं ठेवलं होतं. ते मला तेव्हा दिसलंच नव्हतं. असल्या वजनानं रेकॉर्ड झिजते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो. काकांनी ऐकून घेतलं, गल्ल्यातून एक नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “ह्याचं पैसं नकोत.”